खालच्या चार ओळी

१९९६ सालच्या सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास नेरूळमधल्या एका सोसायटीच्या आवारात लाल रंगाची छोटी मोटार उतारावरून खाली आली आणि फाटकाजवळच्या भिंतीवर आदळली. गाडीत नवरा-बायको होते. दोघांनाही इजा झाली नाही. पुढचा एक दिवा फुटला, बंपर वाकला, भिंतीच्या सात-आठ विटा निखळल्या आणि भिंतीलगत उभी असलेली सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर आडवी झाली. बाईंच्या मांडीवर आमटीचा डबा होता, तो त्यांच्या साडीवर सांडला.

ही बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही. येण्याचे कारणही नव्हते. मला ती मंगळवारी कळली. गाडी चालवणारे गृहस्थ आमच्या वाशीच्या कार्यालयात आले आणि त्यांनी माझ्याच लेखाचे कात्रण माझ्या टेबलावर ठेवले.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या नवी मुंबई पुरवणीचे काम पाहत होतो. पुरवणी शुक्रवारी निघे. चार पाने, दोन माणसे, एक टेलिफोन. तिसऱ्या पानावर ‘घरची गाडी’ नावाचे सदर होते आणि ते मी लिहीत असे. गाडी कशी राखावी, कोणती कामे घरी करावीत, कोणती करू नयेत, हा त्याचा विषय. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी करणारी, नव्या सोसायट्यांत राहायला आलेली आणि घराण्यात पहिल्यांदाच मोटार घेतलेली माणसे त्या काळी गल्लोगल्ली होती. त्यांना विचारायला कोणी नव्हते. त्यामुळे पत्रे भरपूर येत.

मला गाडी चालवता येत नव्हती. माझ्याकडे गाडी नव्हती आणि परवानाही नव्हता. हे मी कधी लपवले नाही, पण सांगितलेही नाही. गुन्हेवार्ता लिहिणाऱ्याने गुन्हा केलेला असावा लागत नाही, असे मी मनाशी म्हणत असे. सदरातली विद्या माझी नव्हती, ती रामा पाटील यांची होती.

पाटलांचे गॅरेज पावण्यात होते. दोन रासायनिक कारखान्यांच्या मधल्या बोळात पत्र्याची शेड, आत दोन गाड्या मावतील एवढी जागा. पाटील पावणे गावचेच. वडिलांची शेतजमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर ते एका कारखान्यात ट्रक दुरुस्तीला लागले आणि पुढे स्वतःचे दुकान काढले. मी सोमवारी त्यांच्याकडे जात असे. ते काम करत आणि बोलत, मी बाकावर बसून लिहून घेत असे. बोलण्याचा क्रम हाताचा क्रम असे. आधी काय सोडवायचे, मग काय काढायचे, मग काय बसवायचे. मधेच काही विचारले तर ते म्हणत, “थांबा सायेब. अजून ते आला नाय.” मी तसेच, त्याच क्रमाने लिहीत असे. माझी सारी चूक त्या क्रमात होती, पण ते पुढे येईल.

पत्रांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न होता, कोणती गाडी भरवशाची? सुरुवातीला मी कंपन्यांची नावे देऊन उत्तरे दिली. वर्षभरात लक्षात आले की एकाच कंपनीच्या एकाच गाडीबद्दल एक वाचक देवाचे आभार मानतो आणि दुसरा ग्राहक मंचात जाण्याची भाषा करतो. तेव्हापासून मी उलट प्रश्न पाठवू लागलो. गाडी कुठे उभी असते, कोण चालवते, शेवटचे तेल कधी बदलले, आणि गाडीला बाहेरून काय काय लावून घेतले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे कारण वाशीतले एक दंतवैद्य होते. त्यांची कोरी गाडी आठवड्यातून दोनदा सकाळी चालू होत नसे. त्यांनी मला चार पत्रे लिहिली. चौथ्यात ‘लबाड उत्पादक’ असा शब्द होता. मी पाटलांना घेऊन गेलो. पाटलांनी बॉनेट उघडलेच नाही. आत डोकावून त्यांनी समोरच्या फळीवरच्या गणपतीकडे बोट केले. मूर्तीच्या मागे लाल दिवा होता आणि तो थेट बॅटरीला जोडलेला होता.

“ह्यो कधी बंद होतो?”

“बंद कशाला करायचा?” डॉक्टर म्हणाले. “देवाला अंधारात ठेवू?”

“मग बॅटरी मरनारच ना डॉक्टर. ती काय अखंड दिव्याचा तेल हाय?”

डॉक्टर दिवा काढायला तयार झाले नाहीत. पाटलांनी एक बटन बसवून दिले आणि सांगितले, रात्री देवाला झोपवत जा, तोही दमतो. गाडी पुढे बिनतक्रार चालली. ‘लबाड उत्पादक’ मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

दुसरे प्रकरण दिवाळे गावच्या हिराबाईंचे. त्यांचा मासळीचा टेम्पो होता, धाकटा दीर चालवत असे. दोन वर्षांत टेम्पोच्या तळाला हात जाईल एवढी भोके पडली. त्यांच्या मावसभावाकडे त्याच कंपनीचा, त्याच सालचा टेम्पो होता आणि तो धड होता. बाईंना आपण फसवले गेलो आहोत याची खात्री होती. मी चौकशी केली. मावसभाऊ विटा वाहत होता. हिराबाईंच्या टेम्पोत रोज बर्फाचे खारे पाणी तासन् तास तळात साचत होते. पाटलांनी सांगितले, खाली लाकडी फळ्या टाका, भोक ठेवून पाणी बाहेर काढा, संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

“म्हनजे मासली सुकी नेऊ?” हिराबाई मला म्हणाल्या. “सुकी न्यायची तर मी सुकटच ईकीन ना.”

फळ्या त्यांनी टाकल्या. सदरात हे छापून आले तेव्हा त्यांनी अंक दिराकडून वाचून घेतला आणि निरोप पाठवला की ‘भोके’ हा शब्द लिहायला नको होता, टेम्पो विकायचा आहे.

अशी ही पत्रे. कामाचा बराच भाग आनंदाचा होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता पुन्हा मंगळवारकडे. आलेल्या गृहस्थांचे नाव वसंत मोहिते. रंगाच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. वय पंचेचाळीसच्या आसपास, खिशाला दोन पेने. त्यांनी कात्रण ठेवले. ते पुठ्ठ्यावर डकवलेले होते आणि प्रत्येक वाक्याच्या बाजूला पेन्सिलीने बरोबरची खूण होती.

“मी सगळं तुमच्या लेखाप्रमाणं केलं बगा,” ते म्हणाले. “एकबी पायरी सोडली न्हाई. मग ब्रेक का लागला न्हाई, एवढंच विचारायचंय.”

आवाजात राग नव्हता. गोदामातल्या मालाचा हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस जसा विचारतो तसे ते विचारत होते.

लेख पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलण्याबद्दल होता. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पॅड झिजले की बदलायचे. नवे पॅड जाड असतात, म्हणून त्यांना ढकलणारा दट्ट्या आधी मागे रेटावा लागतो. तो मागे गेला की मधे पोकळी राहते आणि ती भरून येईपर्यंत पेडल पायाखाली पोकळ लागते. म्हणून काम झाल्यावर, गाडी जागची हलवण्यापूर्वी, बसल्या जागी पेडल दहा-बारा वेळा दाबायचे आणि ते घट्ट झाल्याची खात्री करायची.

मोहित्यांनी रविवारी सकाळी दोन्ही चाकांचे पॅड बदलले. हात धुतले, कपडे बदलले. पत्नी सुनंदाबाई डबा घेऊन शेजारी बसल्या. त्यांची आई पनवेलला एकटी राहत असे आणि दर रविवारी तिच्याकडे जायचे, यासाठीच ती जुनी गाडी घेतलेली होती. गाडी इमारतीखालच्या खांबांच्या मधल्या जागेतून उतारावर आली. मोहित्यांनी ब्रेक दाबला, पेडल तळाला गेले. दुसऱ्यांदा दाबला, पुन्हा तळाला. हँडब्रेक ओढेपर्यंत भिंत आली होती.

“पेडल आधी दाबून घेतलं नाहीत?” मी विचारले.

“ते लेखात न्हाई.”

“आहे.”

“दाखवा.”

मी कात्रण वाचले. शेवटचे वाक्य होते, ‘चाक पुन्हा बसवा, नट आवळा आणि जॅक उतरवा.’ त्याखाली प्लायवूडच्या दुकानाची जाहिरात होती.

आमच्या पुरवणीचा मजकूर तेव्हा संगणकावर जुळवून गुळगुळीत कागदाच्या पट्ट्यांवर निघत असे. त्या पट्ट्या कापून मोठ्या तक्त्यावर चिकटवल्या की पान तयार. मजकूर जास्त झाला तर ब्लेडने खालून कापायचा. हा नियम बातमीसाठी केलेला आहे. बातमीत महत्त्वाचे आधी येते, कमी महत्त्वाचे नंतर, अगदी शेवटी संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे. घाईत खालच्या चार ओळी उडवल्या तर वाचकाचे काही जात नाही. मी हे सतरा वर्षे करत होतो आणि नव्या माणसांना शिकवतही होतो.

दुरुस्तीचा मजकूर उलटा असतो. त्यात महत्त्वाचे शेवटी येते, कारण हात तिथे शेवटी पोचतो. हे माझ्या लक्षात कधी आले नव्हते.

मी फाइलमधून त्या लेखाचे प्रूफ काढले. प्रूफात चार ओळी जास्त होत्या. पेडल दाबण्याच्या चार ओळी. गुरुवारी दुपारी प्लायवूडची जाहिरात अर्धा इंच मोठी आली होती. कोणी कापले हे शोधायची गरज नव्हती. त्या दिवशी माझा सहकारी रजेवर होता आणि पान मी एकट्याने लावले होते.

मी प्रूफ मोहित्यांपुढे ठेवले आणि सांगितले, ह्या ओळी मी कापल्या.

त्यांनी त्या दोनदा वाचल्या. मग म्हणाले, “म्हंजे माझं काम बरोबर होतं.”

“हो.”

“हे तुमी माझ्या घरी येऊन सांगाल का? मी सांगून उपयोग न्हाई.”

त्या शनिवारी मी नेरूळला गेलो. सुनंदाबाई शाळेत गणित शिकवत. चहा झाला. भिंत दुरुस्त झाली होती, सेक्रेटरींची स्कूटरही. सोसायटीने ‘आवारात वाहनांची दुरुस्ती करू नये’ अशी सूचना लावली होती, ती मोहित्यांनी आधीच्या सूचनांप्रमाणेच वाचून सोडून दिली होती. अडचण त्यातल्या कशाचीच नव्हती. सुनंदाबाईंनी त्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही असे जाहीर केले होते आणि गाडी विकावी असे त्यांचे म्हणणे होते. मोहिते विकायला तयार नव्हते. सात वर्षे पैसे साठवून घेतलेल्या गाडीचा प्रत्येक नट त्यांना माहीत होता. ते म्हणाले, “गॅरेजवाला आपल्याला भायेर बाकावर बसवतो. आत काय केलं ते कळतच न्हाई. मला आपलं कळलेलं बरं वाटतं.”

मी जे सांगायचे ते सांगितले. सुनंदाबाईंनी ऐकून घेतले.

“तुमच्याकडे कुठली गाडी आहे?”

“माझ्याकडे गाडी नाही.”

“आधी होती?”

“नाही. मला चालवताही येत नाही.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. मोहिते बशीकडे पाहत होते.

“म्हणजे ज्यांना गाडी येत नाही त्यांनी लिहायचं,” त्या म्हणाल्या, “त्यांनीच शेवट कापायचा, आणि ते वाचून ह्यांनी गाडीखाली झोपायचं. आणि शेजारी मी बसायचं.”

“कृती बरोबर होती, सुनंदा,” मोहिते म्हणाले.

“कृती बरोबर होती, अहो. उत्तर चुकलं. मी अशा पोरांना अर्धेच मार्क देते.”

उठताना मी विचारले, मी काय करू शकतो. त्या म्हणाल्या, चूक छापा. आणि कोपऱ्यात नको.

चूक छापणे सोपे नव्हते. आमचे पुरवणीप्रमुख मुंबईच्या मुख्य कार्यालयात बसत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. फोनवर त्यांनी विचारले, “कोणी मेलं?”

“नाही.”

“कोर्टात गेलेत?”

“नाही.”

“मग आपणहून कशाला? बरं, द्या दोन ओळी. खाली, डावीकडे.”

“खाली नको, अण्णा. खालचं कापलं जातं.”

 अण्णा म्हणाले, “बरं, वर द्या. पण फोटो मागू नका.”

पुढच्या शुक्रवारी सदराच्या माथ्यावर चौकट आली. ब्रेक पॅडच्या लेखातून अमुक ओळी पान लावताना वगळल्या गेल्या, ही चूक सदरलेखकाची आहे, ब्रेकच्या कोणत्याही कामानंतर पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू नये. ‘सदरलेखकाची’ हा शब्द अण्णांना नको होता. तो तसाच गेला.

चौकट वाचून सुनंदाबाईंचे मत बदलले नाही. मोहिते गाडी पाटलांकडे घेऊन गेले. मीही होतो. पाटलांनी दोन्ही चाके काढली, पॅड पाहिले, नळीचे जोड बोटाने चाचपले.

“काम चोख हाय,” ते म्हणाले. “माझा मानूस पन येवढा साफ करत नाय. ह्ये जुने नट कुठं ठेवले होते?”

“फोटोच्या रोलच्या डब्यांत. डबीवर चिठ्ठी लावून. डावं चाक, उजवं चाक.”

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. “ह्याला माझ्याकडं कामाला पाठवा.” मग म्हणाले, “आनि तुमाला मी सांगितला नव्हता का? पेडल मारल्याशिवाय गारी हलवाची नाय?”

“सांगितलं होतं. मी लिहिलं होतं.”

“मग?”

प्लायवूडची जाहिरात त्यांना समजावून सांगणे मला जमले नाही.

पाटलांचे प्रशस्तिपत्र मोहित्यांनी घरी तोंडी पोचवले. फरक पडला नाही. त्या रविवारपासून एक व्यवस्था सुरू झाली, ती मी स्वतः पाहिली आहे. सकाळी सुनंदाबाई नाक्यावरून पनवेलची बस धरत. त्यांची पिशवी आणि आईचा डबा गाडीत असे, कारण बसमध्ये गर्दी. मोहिते गाडी घेऊन बसच्या मागोमाग जात. एकदा ते पुढे गेले आणि सासूबाईंनी दार उघडून विचारले, सुनंदा कुठे? तेव्हापासून ते मागेच राहत. पनवेलला बस थांबली की दोघे थांब्यापासून सासूबाईंच्या घरापर्यंत एकाच रस्त्याने जात, सुनंदाबाई पायी आणि मोहिते गाडीत, पहिल्या गियरवर. सासूबाईंना काहीच सांगितलेले नव्हते. त्यांना वाटे, जावई गाडी लावायला जातात म्हणून मागाहून येतात.

ऑक्टोबरात सुनंदाबाई एका गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर थेट आमच्या कार्यालयात आल्या.

“उद्याचा लेख कशावर आहे?”

“इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यावर.”

“छापायच्या आधी मला दाखवा. पूर्ण. हे रविवारी तेच करणार आहेत.”

छापण्यापूर्वी मजकूर बाहेरच्या माणसाला दाखवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम आहे आणि तो योग्य आहे. मी तो मोडला. त्यांनी पर्समधून लाल पेन काढले आणि प्रूफ वाचले. गाडीतले त्यांना काही माहीत नव्हते. त्या फक्त पायरीवरून पायरीवर जात होत्या आणि जिथे पाय ठेवायला जागा नसेल तिथे खूण करत होत्या. ‘इथे पट्टा सैल झाला म्हणता, तो कसा झाला ते आधी कुठे आहे?’ कुठेच नव्हते. पाटलांचे हात ते आपोआप करत, म्हणून ते बोलले नव्हते आणि मी लिहिले नव्हते.

पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या. मग दर गुरुवारी. मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवू लागलो. आल्या की पहिला प्रश्न ठरलेला असे, “आज काही कापलंय का?” कापलेले असेल तर ती पट्टी त्यांना दाखवावी लागे. एकदा त्यांनी कापलेली ओळ परत लावायला सांगितली आणि तिच्या बदल्यात माझ्या प्रस्तावनेतली तीन वाक्ये काढली. ती वाक्ये मला आवडत होती. गेल्याने काही बिघडले नाही.

टायर बदलण्याच्या लेखात त्या एका वाक्यावर थांबल्या. जॅकवर गाडी उचला, नट सोडवा, चाक काढा, असा क्रम होता.

“चाक हवेत आहे,” त्या म्हणाल्या. “पान्याला जोर दिला की नट सुटणार की चाक फिरणार?”

मी पाटलांना फोन लावला. पलीकडे हातोड्याचा आवाज होता. त्यांनी प्रश्न ऐकला आणि म्हणाले, “बाई बरोबर बोलते. आधी जमिनीवर असताना नट ढिले करायचे, मग उचलायचा. बसवताना पन तसाच, हलके लावून खाली घ्यायची, मग आवलायचा. ही कोन बाई? गॅरेज हाय काय तिचा?”

“गणित शिकवतात.”

“मग बरोबर.”

घरी दुरुस्ती करावी की नाही, हा प्रश्न मला आजही विचारला जातो. माझे उत्तर त्या काही महिन्यांत ठरले. तेल, हवेचा फिल्टर, प्लग, बॅटरीची टोके, वायपर, पंख्याचा पट्टा ही कामे कोणीही करावीत. त्यात पैसे फारसे वाचत नाहीत, पण गाडी काय म्हणते ते कळू लागते, आणि ज्याला ते कळते त्याची गाडी वाटेत सहसा थांबत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगचे काम शिकल्याशिवाय करू नये. आणि कोणतेही काम करताना पायऱ्या मोठ्याने वाचणारे दुसरे कोणी जवळ असावे, शक्यतो ज्याला त्याच गाडीत बसायचे आहे असे. हे शेवटचे पाटलांनी सांगितलेले नाही.

मोहित्यांच्या घरी डिसेंबरपर्यंत असेच चालू झाले होते. सुनंदाबाई खाली जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसत आणि सदरातले एकेक वाक्य वाचत. मोहिते ते करत आणि ‘झालं’ म्हणत. मगच पुढचे वाक्य. सेक्रेटरी एकदा हरकत घ्यायला आले. सुनंदाबाईंनी त्यांना हाताने थांबवले आणि वाक्य पूर्ण केले. ते थोडा वेळ उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या स्कूटरच्या क्लचबद्दल विचारले. रविवारी बस मात्र चुकत नव्हती.

संक्रांतीनंतर मी मागच्या चाकांच्या ब्रेकवर लिहायचे ठरवले. घरी करू नका, असेच लिहिणार होतो, पण ज्यांना करायचे ते करतातच, म्हणून कृतीही दिली. इशारा सगळ्यांत वर ठेवला, ठळक अक्षरांत. गुरुवारी सुनंदाबाई आल्या. त्यांनी प्रूफ दोनदा वाचले. एकही खूण केली नाही.

“काही कापलंय?”

“नाही. जाहिरात परत पाठवली.”

त्यांनी प्रूफाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. प्रूफ बाहेर जाऊ द्यायचे नसते. मी जाऊ दिले.

“हे रविवारी हेच काम काढतायत,” त्या म्हणाल्या. “मी नको म्हटलं. म्हणाले, पाटलांना बोलावतो. पाटील येतो म्हणालेत, पण हात लावणार नाही, नुसता बघणार.”

मला बोलावणे नव्हते, त्यामुळे पुढची हकिगत ऐकीव आहे. ती मी सोमवारी मोहित्यांकडून आणि गुरुवारी सुनंदाबाईंकडून, वेगवेगळी ऐकली. पाटील साडेसातला आले. सुनंदाबाईंनी वाचले, मोहित्यांनी केले, पाटील खांबाला टेकून उभे राहिले. काम चालू असताना ते फक्त एकदा बोलले, चहा गोड आहे म्हणून. काम संपल्यावर मोहिते आत बसले आणि पेडल दाबू लागले. सुनंदाबाई बाहेरून मोजत होत्या. बारा झाल्यावर त्यांनी मोहित्यांना उतरायला सांगितले, स्वतः आत बसून पेडलवर पाय ठेवला आणि ते दाबून पाहिले. मग पाटलांना विचारले, “घट्ट म्हणजे एवढं?”

“येवढाच.”

“ह्याच्याहून जास्त होत नाही?”

“नाय बाई. ह्याच्याहून जास्त म्हनजे भिंत.”

त्या उतरल्या आणि घरात गेल्या. साडी बदलून, पिशवी आणि डबा घेऊन खाली आल्या. बसच्या नाक्याकडे जाणारी वाट फाटकातून उजवीकडे वळते. सुनंदाबाई गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या आणि दार उघडून बसल्या. डबा त्यांनी मांडीवर घेतला.

गाडी पनवेलला पोचली ती वेळ मोहिते सव्वादहा सांगतात, सुनंदाबाई दहा वीस. दार सासूबाईंनी उघडले, आणि दोघे बरोबर आत गेले, याबाबत दोघांचे म्हणणे एकच आहे.